मुलांच्या पोटातला केसांचा गोळा आणि आतड्याचा अडथळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोट दुखतं म्हणून मूल दवाखान्यात येतं तेव्हा सगळ्यांचं लक्ष पोटाकडे असतं. केस उपटून खाण्याने पोटात गोळा होण्याच्या या आजाराची पहिली खूण मात्र डोक्यावर असते, आणि बहुतेक वेळा ती घरच्यांना कित्येक महिने आधीपासून दिसत असते. कोल्हापूर शहर आणि आसपासच्या तालुक्यांतले आईवडील जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं खाली दिली आहेत.

जेवणातून एखादा केस पोटात गेला तर गोळा होतो का?

नाही. आमटीतला, भाकरीला चिकटलेला एखादा केस दोन-तीन दिवसांत शौचावाटे निघून जातो. रांगणाऱ्या बाळाच्या शीमध्ये कधीतरी आईचा केस दिसतो, त्यातही घाबरण्यासारखं काही नाही. गोळा होण्यासाठी केस रोज, महिनोन्महिने पोटात जावे लागतात.

मग गोळा तयार होतो तरी कसा?

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्याच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना घट्ट बांधलेल्या असतात. केस जळल्यावर जो उग्र वास येतो, तो या गंधकाचाच. हे बंध तोडणारं काही माणसाच्या पाचकरसात नाही, त्यामुळे गिळलेला केस जसाच्या तसा राहतो.

न पचलेलं अन्न जठर पुढे ढकलतंच, पण केस पडला गुळगुळीत आणि बारीक. जठराची लाट त्याला धरूनच ठेवू शकत नाही, तो आतल्या वळ्यांमध्ये अडकून बसतो. मागून आलेले केस त्यात गुंततात. फणीतला गुंतवळ जसा बोटावर गुंडाळत गेलं की घट्ट होत जातो, तसंच पोटात होतं. जठराच्या हालचालीने केस वळले जातात आणि त्यांत अन्नाचे कण व चिकट स्राव अडकतात. हळूहळू गोळा जठराचाच आकार घेतो. आम्लामुळे केसाचा मूळ रंग जातो, म्हणून मुलीचे केस भुरे असले तरी गोळा काळाच निघतो. आत अडकलेलं अन्न आंबतं, त्याची दुर्गंधी तोंडाला येते. दात नीट घासूनही तोंडाचा वास जात नसेल तर कारण कधीकधी इतक्या खाली असतं.

ज्यांच्या गोठ्यात जनावरं आहेत त्यांना हे नवीन नसेल. वासरं एकमेकांना चाटतात आणि त्यांच्या पोटातही असे केसांचे गोळे सापडतात. वैद्यकात अशा गोळ्याला बेझोर म्हणतात. विषावरचा उतारा या अर्थाच्या ‘पादजहर’ या फारसी शब्दावरून हे नाव आलं, कारण जनावरांच्या पोटातले असे खडे पूर्वी विषावर औषध म्हणून वापरत. केसांचा गोळा म्हणजे ट्रायकोबेझोर. हा शब्द तुमच्या मुलाच्या रिपोर्टवर दिसेल.

हा आजार कोणाला होतो?

बहुतांश मुलींना, आणि त्यातही साधारण १० ते २० या वयात. लांब केस सहज हाताशी येतात आणि सहज गुंततात, हे त्याचं एक कारण. पण चार-पाच वर्षांच्या मुलांतही तो सापडतो. मुलग्यांना होतच नाही असं समजू नका. मुलग्याचे स्वतःचे केस बारीक कापलेले असले तरी आईचे, बहिणीचे, बाहुलीचे केस घरात असतातच.

मतिमंदत्व किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, कारण पोटात काय होतंय हे ती सांगू शकत नाहीत. पण अभ्यासात हुशार, शांत, ‘काही त्रास नाही’ अशा मुलींतही हा आजार तितकाच खराखुरा असतो. चांगल्या घरात असलं काही होत नाही या समजुतीपायी निदान लांबतं.

केस खाणं म्हणजे फक्त डोक्यावरचे उपटून खाणं का?

नाही. वेणीचं टोक चघळणं, भुवया किंवा पापण्यांचे केस तोंडात घालणं, झोपलेल्या आईची बट ओढून चोखणं, बाहुलीचे केस, ब्लँकेटची लव, गालिच्याचे किंवा स्वेटरचे धागे खाणं, हे सगळं यातच येतं. नायलॉनचा धागाही पोटात केसासारखाच वागतो.

आपल्याकडे एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. बऱ्याच घरांत फणीतला गुंतवळ फेकत नाहीत. केसांवर भांडी किंवा फुगे देणारी बाई दारात येते म्हणून तो पिशवीत घालून खिडकीत नाहीतर कोनाड्यात ठेवतात. केस खाणाऱ्या मुलासाठी तो भरलेला डबाच आहे. अशा घरात ती पिशवी आजच बाहेर काढा, आणि फणी मुलाच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

डोक्यावर काय बघायचं? चाई पडली असेल तर?

मुलीला उजेडात, पाटावर बसवा. तेल लावून द्यायच्या निमित्ताने भांग पाडत पाडत सगळं डोकं बघा. कानांच्या वर, टाळूवर आणि ज्या हाताने ती लिहिते त्या बाजूला जास्त लक्ष द्या.

चाई असेल तर चट्टा गोल आणि गुळगुळीत असतो, त्यावर केस जवळजवळ नसतातच. नायट्याने केस गेले असतील तर कोंड्यासारखे पापुद्रे, खाज, कधी पू दिसतो. हाताने उपटलेल्या जागेचं चित्र वेगळं असतं. चट्ट्याला ठराविक आकार नसतो. त्यावर केस असतात, पण सगळे वेगवेगळ्या लांबीचे. काही अर्ध्यात तुटलेले, काही नुकते फुटलेले, बोट फिरवलं तर खुंटासारखे टोचणारे. त्वचा मात्र बहुधा स्वच्छ असते. उशीवर किंवा अंथरुणात गळलेले केस सापडायला हवेत, तेही सापडत नाहीत. केस गेले आणि कुठेच पडलेले नाहीत, तर ते तोंडात जात असल्याची शंका घ्यायलाच हवी.

शौचात केसांचे धागे दिसणं ही पक्की खूण. गुदद्वारातून धागा किंवा केसांची दोरी लोंबताना दिसली तर ती ओढू नका. तिचं दुसरं टोक वर आतड्यात अडकलेलं असू शकतं आणि ओढल्याने आतडं आतून कापलं जातं. तशीच राहू द्या आणि दवाखान्यात या.

पोटाच्या कोणत्या तक्रारी असतात?

सुरुवातीला फार काही नसतंच, हीच यातली अडचण. मूल चार घास खातं आणि ‘पोट भरलं’ म्हणतं, कारण जठरात जागाच उरलेली नसते. पोटाच्या वरच्या भागात जडपणा, जेवल्यावर दुखणं, मळमळ, खाल्लेलं उलटून पडणं, वजन न वाढणं किंवा घटणं, चेहरा पांढुरका दिसणं, ढेकरांना घाण वास, कधी बद्धकोष्ठ तर कधी पातळ शौच. यातली एकेक गोष्ट सुटी पाहिली तर आम्लपित्त वाटतं, जंत वाटतात, शाळा चुकवायचं निमित्त वाटतं. म्हणून जंताचं औषध दोनदा होतं, पित्ताचं सिरप चार महिने चालतं, आणि गोळा वाढत राहतो.

मूल उताणं झोपवून, गुडघे दुमडून, ऊबदार हाताने बेंबीच्या वर आणि डाव्या बरगडीखाली हलकेच चाचपलं तर टणक, थोडासा सरकणारा गोळा लागू शकतो. जुनी माणसं त्याला वायगोळा म्हणतात आणि चोळून ‘बसवायला’ जातात. चोळू नका. गोळ्याच्या दाबाने जठराच्या अस्तराला व्रण पडलेला असू शकतो आणि जोराच्या दाबाने तिथेच छिद्र पडू शकतं.

गोळा जठरात असतो, मग अडथळा आतड्याला कसा होतो?

दोन तऱ्हांनी. पहिली, मुख्य गोळ्याचा तुकडा सुटून लहान आतड्यात उतरतो आणि अरुंद जागी अडकतो. पुष्कळदा ही जागा लहान आतडं संपून मोठं आतडं सुरू होतं त्याच्या जरा अलीकडे असते.

दुसरी जास्त धोक्याची. गोळ्याला केसांची लांब शेपटी फुटते आणि ती जठरातून आतड्यात उतरते. लांब केसांच्या राजकन्येच्या जर्मन लोककथेवरून या प्रकाराला रॅपुन्झेल सिंड्रोम म्हणतात. हे नाव १९६८ साली वैद्यकीय लिखाणात आलं. शेपटीचं वरचं टोक जठरातल्या गोळ्याला पक्कं बांधलेलं असतं. आतडं तिला पुढे ओढायचा प्रयत्न करत राहतं, पण ती पुढे जात नाही, आतडंच तिच्यावर वर चढत जातं. परकराच्या नेफ्यात ओवलेली नाडी ओढली की कापडाच्या चुण्या पडतात, अगदी तसं. या चुण्यांमध्ये ताणलेली नाडी जिथे आतड्याच्या भिंतीला घासते तिथे ती भिंत कापली जाते, आणि एकाच वेळी अनेक ठिकाणी छिद्रं पडू शकतात. कधी आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरतो. कधी शेपटी पित्त आणि स्वादुपिंडाच्या नळीच्या तोंडावर बसते आणि कावीळ किंवा स्वादुपिंडाची सूज येते.

क्षणाचाही उशीर न करता दवाखान्यात कधी जायचं?

उलटी हिरवी झाली तर. हिरवा रंग म्हणजे पित्त, आणि पित्ताची उलटी म्हणजे अडथळा जठराच्या पुढे आहे असं समजूनच चालायचं. पोट फुगून ताठ झालं, शौच आणि वाराही सरेनासा झाला, कळा येऊन मूल पाय पोटाशी घेतंय, पोट फळीसारखं कडक लागतंय, उलटीत किंवा शौचात रक्त आहे, ताप आहे, मूल मलूल पडलंय, सहा-आठ तासांत लघवी झालेली नाही, यातलं एकही असेल तर सकाळपर्यंत थांबू नका. आणखी एक धोक्याची गोष्ट : खूप दुखत असलेलं पोट अचानक शांत होतं आणि मूल निपचित पडतं. घरच्यांना वाटतं बरं झालं. आतडं फुटल्यावरही असंच होऊ शकतं.

निघताना एवढं करा. तोंडाने काहीही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. आतडं बंद असताना आत घातलेलं सगळं उलटून येतं, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि भूल देण्यासाठी पोट रिकामं लागतं. मुलाला कुशीवर निजवा. शेवटचं कधी आणि काय खाल्लं याची वेळ कागदावर लिहा. जुने रिपोर्ट, औषधांच्या पट्ट्या सोबत घ्या. १०८ ला फोन करताना ‘मुलाला हिरव्या उलट्या होतायत, पोट फुगलंय’ असं स्पष्ट सांगा.

बालशल्यतज्ज्ञ आणि मुलांना भूल देणारे डॉक्टर जिथे असतील तिथेच मूल शेवटी न्यावं लागतं. म्हणून गावातल्या डॉक्टरांनी सलाईन आणि नाकातून नळी एवढं करून पुढे पाठवलं, तर ते त्यांनी योग्यच केलं. शासकीय सोय म्हणजे कोल्हापुरातलं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आपलं सीपीआर. चंदगडकडच्या लोकांना बेळगाव जवळ पडतं, तिकडे जायलाही हरकत नाही. पावसाळ्यात मात्र हिशेब बदलतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी चढत असताना गगनबावडा, पन्हाळा, शिरोळ भागात उलट्या करणारं मूल घरी ठेवून ‘उद्या बघू’ म्हणू नका. उद्या रस्ता असेलच असं नाही.

एरंडेल, पपई, कोल्ड्रिंक याने गोळा विरघळतो किंवा पडतो का?

नाही. एरंडेल किंवा कुठलंही जुलाबाचं औषध आतड्याला जोराने ढकलायला लावतं, आणि पुढे रस्ता बंद असेल तर आतडं फुटतं. एनिमाही घरी देऊ नका. फळांच्या, भाज्यांच्या तंतूंचे गोळे कधीकधी कोलासारख्या कोल्ड्रिंकने मऊ पडतात हे खरं आहे, तिथूनच ही समजूत पसरली. केसांवर त्याचा काही परिणाम होत नाही. पपईतल्या पाचक द्रव्याचाही नाही. पोटावर डागणं, बिबा घालणं याने जखम होते आणि वेळ जातो.

उलटीतून केस पडले. घरात करणी म्हणतायत.

उलटीत केस पडतात तेव्हा ते आधी गिळलेले असतात, एवढंच कारण आहे. कोणी बाहेरून घातलेले नसतात. मूल ‘मी खाल्ले नाहीत’ म्हणतं, कारण त्याला लाज वाटते. शिवाय पुष्कळ मुलांना आपण कधी उपटतो आणि कधी तोंडात घालतो याचं भानही नसतं.

मुलीच्या आजीला हे समजावताना वाद घालू नका. उलटीतला केस आणि मुलीच्या वेणीतला केस शेजारी ठेवून दाखवा, लांबी बहुधा जुळते. देवाला नारळ वाढवायचा असेल तर वाढवा, पण आधी सोनोग्राफी करून या. अंगात आलं म्हणून मारणं, कोंडणं, धुरी देणं, उपाशी ठेवणं हे मात्र थांबवायलाच हवं. अशा अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे.

कोणत्या तपासण्या होतात आणि त्यांत काय चुकू शकतं?

साध्या एक्स-रेत गोळा जेवणाने भरलेल्या जठरासारखा दिसतो. सोनोग्राफीत गोळ्याची फक्त पुढची कड पांढऱ्या कमानीसारखी चमकते आणि मागे सगळं काळं पडतं. केसांमध्ये अडकलेली हवा लहरी परत फिरवते म्हणून असं होतं. तपासणाऱ्याला कल्पना नसेल तर ‘गॅस आहे, नीट दिसत नाही’ असा रिपोर्ट येतो. सीटी स्कॅनमध्ये हवेचे बारीक ठिपके असलेला, जठराच्या भिंतीपासून सुटा गोळा दिसतो, शेपटी कुठवर गेली आहे तेही समजतं. पण तिथेही केस खाण्याचा उल्लेख नसेल तर त्याला न पचलेलं अन्न समजलं जाऊ शकतं.

म्हणून सगळ्यात मोलाची तपासणी तुमच्या तोंडात आहे. डॉक्टरांना सरळ सांगा : ‘आमची मुलगी केस उपटून खाते.’ सोनोग्राफी लिहून देताना चिठ्ठीवर तसं लिहायला सांगा. सांगायला संकोच वाटतो हे आम्ही जाणतो. डॉक्टरांना त्यात धक्का बसण्यासारखं काही नसतं.

खात्री तोंडावाटे जठरात दुर्बीण घालून केलेल्या तपासणीने होते. त्याआधी सहा ते आठ तास उपाशी ठेवतात. हिमोग्लोबिन, प्रथिनं, क्षार यांसाठी रक्त तपासतात, कारण यातली बरीच मुलं कुपोषित झालेली असतात.

दुर्बिणीनेच गोळा काढता येत नाही का?

अगदी लहान गोळा असेल तर प्रयत्न होतो. मोठा गोळा निघत नाही. त्याचे तुकडे करायला गेलं तर केस कात्रीला दाद देत नाहीत, दुर्बीण अन्ननलिकेतून पुन्हा पुन्हा वरखाली करावी लागते, आणि सुटलेला तुकडा पुढे जाऊन नवा अडथळा करतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दुर्बिणीने काढायचे प्रयत्न शंभरात सुमारे पाचच यशस्वी ठरले होते. तेव्हा डॉक्टरांनी थेट शस्त्रक्रिया सुचवली तर त्यांना घाई झाली आहे असं समजू नका.

शस्त्रक्रियेत नेमकं काय करतात?

आधी सलाईनने पाणी आणि क्षार भरून काढतात, नाकातून जठरात नळी घालून पोट हलकं करतात, प्रतिजैविक देतात, गरज असेल तर रक्त चढवतात. पूर्ण भूल देऊन पोटाच्या वरच्या भागात मधोमध छेद घेतात. जठराभोवती ओले कापडी पॅड लावतात, कारण गोळ्यातली घाण जंतूंनी भरलेली असते आणि ती पोटात सांडली तर पू होतो. जठराची पुढची भिंत उघडून गोळा अखंड बाहेर काढतात. शेपटी असेल तर ती अलगद ओढून बघतात. अडत असेल तर जबरदस्ती न करता आतड्यावर खाली दुसरा छेद घेतात.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम त्यानंतरचं. सगळं लहान आतडं सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोटांमधून सरकवून तपासतात, कारण मुख्य गोळा काढल्यावरही खाली सुटे तुकडे राहिलेले असू शकतात. ते राहिले तर आठवड्याभरात पुन्हा उलट्या सुरू होतात. आतड्याचा काही भाग मेलेला असेल तर तो कापून टोकं जोडतात. काही ठिकाणी हीच शस्त्रक्रिया लहान छेदांतून दुर्बिणीने करतात, पण मोठा गोळा आणि लांब शेपटी असेल तर उघडी पद्धत जास्त भरवशाची, असं आमचं स्पष्ट मत आहे.

काढलेला गोळा पालकांना दाखवतात. मुलीला तो मुद्दाम, भीती घालायला म्हणून दाखवू नका. तिने स्वतः मागितला तर डॉक्टरांशी बोलून ठरवा.

नंतर खायला कधी आणि काय द्यायचं?

पहिले काही दिवस सगळं सलाईनवर. जठराचे टाके धरेपर्यंत नळी असते. आतडं चालू झालं, वारा सरला, नळीतून हिरवं येणं थांबलं की पाणी सुरू होतं, साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. सुरुवात चमच्याने, थांबून थांबून. ते पचलं की नारळपाणी, भाताची पेज, मग मऊ भात आणि मुगाचं वरण, मग ताकभात, कुस्करलेलं केळं. दिवसातून सहा-सात वेळा, थोडं थोडं.

खूप वाळलेल्या मुलाला एकदम भरपूर खाऊ घालू नका. उपासमार झालेल्या शरीरात अचानक जास्त अन्न गेलं की रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियमसारखे क्षार झपाट्याने घसरतात आणि हृदयावर परिणाम होतो. म्हणून आहार डॉक्टर ठरवतील त्याच गतीने वाढवायचा. ‘बारीक झालीय’ म्हणून मावशीने आणलेला तूपशिरा सध्या मावशीलाच खाऊ द्या. महिनाभर मिसळ, तांबडा रस्सा, भडंग, ऊस चघळणं बंद. शाळा दोन-तीन आठवड्यांनी. धावणं, फुटबॉल, तालीम सहा ते आठ आठवड्यांनी, सर्जनला विचारून.

ताप, जखमेतून पाणी किंवा पू, पुन्हा उलटी, पोट फुगणं यांपैकी काही झालं तर तारखेची वाट न बघता परत या.

रक्त कमी असल्यामुळे मूल केस खातं, की केस खाल्ल्याने रक्त कमी होतं?

दोन्ही होतं. लोह कमी असलेल्या मुलांना माती, खडू, केस असं काहीबाही खावंसं वाटतं. उलट, गोळ्यामुळे जेवण जात नाही, व्रणातून थोडं थोडं रक्त जातं, लोह शोषलं जात नाही. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली आणि बारा ते चौदा वयात १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं धरतात. शाळेत आठवड्याला मिळणारी गुलाबी किंवा निळी गोळी बचावासाठी असते, रक्त आधीच उतरलेल्या मुलाला ती पुरत नाही. उपचाराचा डोस वजनावर ठरतो. हिमोग्लोबिन वर आल्यावरही औषध दोन-तीन महिने चालू ठेवतात, कारण शरीरातला साठा नंतर भरतो. गोळी चहा किंवा दुधाबरोबर देऊ नका, लिंबूपाण्याबरोबर द्या.

गोळा काढला म्हणजे आजार संपला ना?

नाही. शस्त्रक्रियेने केस निघतात, सवय निघत नाही. सवयीवर उपचार झाला नाही तर गोळा पुन्हा होतो, आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते, कारण आत सगळं चिकटलेलं असतं.

केस उपटणं हा हट्ट नव्हे. मुलाच्या मनात ताण किंवा कंटाळा साठतो, केस ओढला की क्षणभर मोकळं वाटतं, आणि मेंदू तोच मार्ग धरतो. मागे कधी काही कारण असतं : घरात नवं बाळ, गाव किंवा शाळा बदलणं, आजोबांचं जाणं, वसतिगृह, घरातली भांडणं, दारू. कधी काहीच सापडत नाही. मूल मारहाण किंवा छळ सोसत असल्याची शंका आली तर १०९८ या चाइल्डलाइनला फोन करा.

बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ जो उपचार करतात त्यात औषधापेक्षा सवय मोडण्याचं प्रशिक्षण मुख्य असतं. ते असं चालतं. पहिला आठवडा फक्त नोंद : किती वाजता, कुठे बसून, कोणत्या हाताने, त्याआधी काय चाललं होतं. नोंद पाहिली की एक साचा दिसतो. रात्री झोप लागण्याआधीची वीस मिनिटं, नाहीतर मोबाइल बघताना, नाहीतर गणिताचा गृहपाठ. मग मुलाला हात वर जायला लागतो तो क्षण ओळखायला शिकवतात. त्या क्षणी मूठ घट्ट मिटायची, किंवा हात मांडीखाली दाबून धरायचा, मिनिटभर, ओढ ओसरेपर्यंत.

घरी त्याला जोड द्या. केसांना तेल लावून घट्ट वेणी घाला, तेलकट केस बोटांत टिकत नाही. रात्री डोक्याला सुती रुमाल बांधा. ज्या दोन बोटांनी उपटते त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावा. टीव्ही बघताना हातात रबरी चेंडू, शेंगा सोलायचं सूप, कणकेचा गोळा द्या. लोकर देऊ नका, तीही तोंडात जाते. हात वर जाताना दिसला तर नाव घेऊन ओरडण्यापेक्षा ‘बाळा, जरा इकडे ये, मला मटार सोलू लाग’ एवढं पुरतं. ओरडलं, हातावर मारलं, पाहुण्यांसमोर सांगितलं की मूल संडासात जाऊन, पांघरुणात शिरून उपटतं, आणि तुम्हाला दिसणारी एकमेव खूणही लपते.

जवळ तज्ज्ञ नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतही. सवय कमी झाली तरी वर्षभर महिन्यातून एकदा डोकं उजेडात बघा, आणि वजन लिहून ठेवा. सोनोग्राफी किंवा दुर्बीण पुन्हा कधी करायची ते सर्जन सांगतील.

मग मुलीचं चकोटच करून टाकलं तर?

शिक्षा म्हणून कधीही नको. काही मुलं मग भुवया, पापण्या, नाहीतर बहिणीचे केस धरतात. मुलीने स्वतः होऊन ‘केस कापूया’ म्हटलं तर खांद्यापर्यंत कापायला हरकत नाही, आखूड केसांचा गुंता कमी होतो.

शाळेत काय सांगायचं?

वर्गशिक्षकांना एकट्यांना गाठून खरं सांगा, वर्गाला नाही. टोपी किंवा रुमाल घालायची मुभा मागा. अंगणवाडीत, शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांनाही सांगून ठेवा. पुढच्या संदर्भासाठी चिठ्ठी तेच देतात.

खर्चाचं काय?

दाखल होतानाच रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, मुलाचं आधार नसेल तर जन्माचा दाखला. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो. शस्त्रक्रियेआधीच तिथे जाऊन कोणता भाग योजनेत बसतो ते विचारा, बिल झाल्यावर नव्हे. कागद अपुरे आहेत म्हणून अडथळा असलेलं मूल घरी थांबवू नका.

केस परत येतील का? पुढे लग्नाला अडचण येईल का?

उपटणं थांबलं की बहुतेकींचे केस परत येतात. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणजे टाळूवरची जागा झाकायला चार-सहा महिने आणि वेणीत मिसळायला दोन-तीन वर्षं. एकाच जागचे केस वर्षानुवर्षं उपटले असतील तर तिथलं मूळ कायमचं मरतं आणि तेवढी जागा विरळ राहू शकते. पोटावरच्या व्रणाची रेघ दीड-दोन वर्षांत फिकट होते. या शस्त्रक्रियेने पाळी, गर्भाशय, मूल होणं यांना धक्का लागत नाही, छेद जठराचा असतो. पुढे बाळंतपणात किंवा दुसऱ्या कुठल्या शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांना पोटावरची ही जुनी रेघ कशाची आहे ते कळायला हवं, म्हणून डिस्चार्ज कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून मुलीच्या जन्मदाखल्याबरोबर ठेवा.